पोचा

रादूच्या दुकानातलं माप म्हणजे दुधाचा रिकामा डबा.
कपुआका म्हणतो आम्ही त्याला.
दूध कोण प्यायलं कोण जाणे,
आमच्या वाट्याला माप आलं.

साडेतीन डब्यांचा किलो होतो.
किलोने घेणारे वर टेकडीवर राहतात,
त्यांचे कपडे मी नदीवर धुते.
आम्ही खाली, भातखाचरांच्या कडेला,
सकाळी दोन डबे, संध्याकाळी तीन.
तेल चमच्याने.
टोमॅटोचा लगदाही चमच्यानेच, आणि त्यावरून
रादू सुरी फिरवतो, टेंगूळ राहू देत नाही.
कोळशाचा ढीग. मिठाची पुडी.
सुकटीची मूठ (मूठ त्याची, बोटं आखूड).

उद्याचं काही घेत नाही मी.
ठेवायचं कुठे?
टोमॅटो दुपारपर्यंत रडायला लागतो,
मासा बाजारातच दमलेला असतो,
आणि झाकून ठेवलेल्या भाताला
पहाटे तार सुटते.
पुरून उरणारं अन्न वरच्यांचं.
माझं पुरतं. उरत नाही.
एवढी एक कला आहे माझ्या हातात,
तिला कुणी कला म्हणत नाही.

जानेवारीत तांदूळ महागला
त्याच आठवड्यात फाराने विचारलं,
आई, त्याच्या डब्याचं बूड वर का आलंय?
घरी आमच्या डब्यात ओतून पाहिलं.
काठाला पोचलं नाही.
दुसऱ्या डब्यातला एकेक दाणा टाकत बसली पोरगी,
चुलीच्या उजेडात, ओठ हलवत.
एकशे त्र्याऐंशी.
"पाच डब्यांचे किती गं?"
शाळेची फी थकली होती तिची,
गुणाकार थकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमचा डबा घेऊन गेले.
ह्याने मोज, म्हटलं.
रांगेतल्या बायका गप्प झाल्या.
रादूने मोजलं. काठोकाठ. वर शीगही.
मग वही मिटली,
आणि म्हणाला, रोख.

रोख.
पाऊस लागलेला, नदी गढूळ,
टेकडीवरची धुणी आठवडाभर बंद.
माझ्याकडे डबा होता, अगदी सरळ बुडाचा,
आणि त्यात घालायला काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्याच डब्याने घेतलं.
वही उघडली.
तेव्हा कळलं, वहीत व्याज कधीच का दिसत नाही.
ते बुडाशी असतं.

फारा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
तिचा धाकटा भाऊ हेरी बोलत होता, पण तो भुकेलाच बोलतो.

मग एका रात्री वस्तीतली वीज गेली.
मी काड्यापेटी आणायला गेले तर
दुकानात डबा पालथा,
आणि त्या खळग्यात मेणबत्तीचं थोटूक,
असं बसलेलं, जणू त्याच्याचसाठी ठोकलेलं.
त्या उजेडात रादूची बायको
सुकटीतले खडे निवडत होती,
पोर मांडीवर, तापाने लाल.
रादूने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.
"मेणबत्तीसाठी," म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.

खरं असेल. खोटं असेल.
दोन्ही एका पोच्यात मावतं.

तीन डबे दे, म्हटलं.
त्याने मेणबत्ती उचलली, बायकोच्या हाती दिली,
नखाने मेण खरवडलं, डबा उलटा केला, मोजलं.

जेवण झाल्यावर भांड्याच्या तळाला
खरपुडी राहते. ती काढायची नाही.
तिच्यावर पाणी ओतायचं, उकळू द्यायचं,
तांबूस झालं की प्यायचं.
रानुव्हूला. रानु म्हणजे पाणी,
व्हूला म्हणजे चांदी, पैसाही तोच शब्द.
आमच्या घरात पैशाचं पाणी रोज होतं.

त्या रात्री हेरीच्या वाटीत
मेणाचा एक कण तरंगला.
त्याने बोटाने काढला, दिव्याजवळ धरला,
आणि विचारलं, हा मोजला का?

फारा हसली.
मग तिने माझी वाटी माझ्याकडे सरकवली.